व्हॅरिस्टरचा कस कणांच्या सारखेपणात

स्पाइक बस्टर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर उघडला, तर आत दोन पायांची एक चपटी, बहुधा निळी चकती दिसते. तोच व्हॅरिस्टर. नेहमीच्या व्होल्टेजला तो प्रवाह जवळजवळ अडवून धरतो. व्होल्टेज एकदम उसळले की क्षणात वाहक होतो आणि धक्का स्वतःवर घेतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीतील मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडच्या या सिरॅमिकचे गुणधर्म १९७१ मध्ये शोधनिबंधातून मांडले. यातली करामत कणांच्या सीमांवर घडते. कण लहान असो वा मोठा, दोन कणांमधली सीमा साधारण ३ व्होल्ट पेलते. म्हणजे ४३० व्होल्टला वाहू लागणाऱ्या चकतीच्या जाडीत १४० च्या आसपास सीमा एकामागून एक यायला हव्यात. त्या किती येणार हे कणांच्या आकारावर ठरते, आणि तो आकार घडतो भट्टीत.

दाबून घडवलेली भुकटी साधारण ११०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. भुकटीत मिसळलेले बिस्मथ ऑक्साइड त्याच्या बरेच आधी वितळून कणांभोवती पसरते. या द्रवातून झिंक ऑक्साइड लहान कणांवरून सुटून मोठ्यांवर बसते. लहान झिजतात, मोठे पोसतात. कण लहान हवेत तर आच कमी करावी, असे कोणीही सुचवेल. पण आच फार उतरवली की चकती पुरती घट्ट होत नाही, आत छिद्रे राहतात. म्हणून अँटिमनी ऑक्साइड घालतात. जस्ताशी संयोग होऊन त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि सरकत्या सीमांना जागीच रोखतात. उलट कमी व्होल्टेजच्या चकतीसाठी मोठे कण हवे असतात. तिथे टायटॅनियम ऑक्साइड वाढीला वेग देते.

तरीही खरी कसोटी सरासरी आकाराची नाही, सारखेपणाची आहे. व्हॅरिस्टरमध्ये व्होल्टेज १० टक्के वाढले, तर प्रवाह १० टक्क्यांनी वाढून थांबत नाही. अरेषीयतेचा घातांक, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या कितव्या घाताने वाढतो तो आकडा, ३० धरला तर प्रवाह सुमारे १७ पट होतो. आता एखाद्या वाटेवर कण मोठे झाल्याने सीमा १० टक्क्यांनी कमी पडल्या, तर तिथून शेजारच्यापेक्षा २० पटींहून अधिक प्रवाह धावेल. ती जागा तापेल आणि अखेर तिथेच चकतीला भोक पडेल.

लाखो कणांत असे फरक आपोआप बुजून जातात, हा आक्षेप जाड चकतीपुरता काहीसा खरा आहे. पण १२ व्होल्टच्या सर्किटसाठी लागणाऱ्या, त्याहून बऱ्याच वरच्या व्होल्टेजला वाहू लागणाऱ्या व्हॅरिस्टरमध्ये जेमतेम सात-आठ सीमा असतात. तिथे एक बेढब कणही महागात पडतो. दुसरा आक्षेप असा की फार मोठ्या प्रवाहात कणांचा स्वतःचा रोध पुढे येऊन प्रवाह पुन्हा वाटला जातो. तेही खरे, मात्र मध्यम, जास्त वेळ रेंगाळणाऱ्या प्रवाहात तो आधार मिळत नाही. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कणांची केवळ सरासरी काढून चकती पास करणे अपुरे आहे. सर्वांत मोठे कण किती मोठे आहेत, हे पाहिल्याशिवाय ती किती धक्के सोसेल हे सांगता येत नाही.