असीरगडावरचे सात फिरंगी

निंबोल्याहून खंडव्याच्या रस्त्याने पुढे गेलं की सातपुड्याच्या डोंगरावर असीरगड दिसू लागतो. आपल्याकडे हा किल्ला ओळखला जातो तो अश्वत्थाम्यामुळे. तो म्हणे अजून पहाटे इथल्या महादेवाला फूल वाहून जातो! पण ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातल्या मध्ययुगीन धर्मयुद्धांबद्दल बोलायचं तर त्याचं एक टोकही याच गडावर सापडतं, आणि ते टोक पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत अजिबात बसत नाही.

आधी शब्दाबद्दल. आपल्या मराठीत ‘धर्मयुद्ध’ म्हटलं की कुरुक्षेत्र आठवतं, म्हणजे नियम पाळून केलेलं युद्ध. इतिहासाच्या पुस्तकात मात्र तोच शब्द क्रुसेडसाठी येतो. १०९५ साली पोप दुसरे अर्बन यांनी हाक दिली, १०९९ मध्ये जेरुसलेम घेतलं गेलं आणि शहरात भयंकर कत्तल झाली. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत जिंकलं. १२०४ मध्ये तर क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं. नियम पाळून केलेलं युद्ध यातलं कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

आता हे सगळं आपल्याकडे कसं पोचलं? पोर्तुगालमार्गे. ११४७ मध्ये लिस्बन शहर मुसलमान सत्तेकडून घेतलं गेलं, तेव्हा जेरुसलेमकडे निघालेले क्रुसेडवाले वाटेत मदतीला थांबले होते. साडेतीनशे वर्षांनी वास्को द गामा कालिकतला आला तेव्हा पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर क्रूस होता आणि डोक्यात ‘मूर’ लोकांशी जुनं वैर. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर तिथल्या मुसलमानांना मारलं, ते याच वैरातून. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपण ख्रिस्ती कॉलेजात शिकतो म्हणून तर मुळीच नाही.

पुढे समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चालू लागला. त्याला कार्ताझ म्हणत. तो नसलेलं जहाज ते पकडत. हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे, आणि त्यावर येशू-मरियेची चित्रं असत. अकबराच्या दरबारात एका मौलवीने तर असा निर्णय दिला की, असला कागद हातात धरून जावं लागत असेल तर हज बंधनकारक राहत नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून हजला गेली तीही पोर्तुगीजांशी बोलणी झाल्यावरच. एवढ्या मोठ्या बादशहाच्या घरच्या बायकांना परक्यांची परवानगी लागावी, हे त्याला किती झोंबलं असेल!

अशा पार्श्वभूमीवर अकबर १६०० मध्ये बुऱ्हाणपुरात उतरला. खानदेशचा राजा तेव्हा बहादुरखान फारुकी. त्याचा बाप राजा अलीखान १५९७ मध्ये मोगलांच्याच बाजूने लढताना पडला होता. मुलाने मात्र बादशहाच्या भेटीला जायचं टाळलं आणि तो असीरगडावर जाऊन बसला. वर असीरगड, त्याखाली कमरगड, त्याखाली मलयगड, अशी एकाखाली एक तटबंदी. धान्य भरपूर, पाणी भरपूर, तोफाही भरपूर. गडाचा अंमलदार हबशी होता, आणि जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतानुसार त्याच्या हाताखाली सात पोर्तुगीज सरदार होते. दख्खनच्या दरबारांत असे फिरंगी नोकरीला असत आणि त्यातले कित्येक धर्म बदललेलेही असत.

आणि खाली, बादशहाच्या छावणीत कोण? फादर जेरोम झेवियर. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातले, नात्याने त्यांचे नातूच लागत. सोबत ब्रदर बेंतो द गोइश.

म्हणजे बघा: मुसलमान बादशहा मुसलमान राजाला वेढा घालतोय, वर फिरंगी आणि खाली पाद्री. वेढा फोडायला जड तोफा हव्यात, त्या अकबराकडे पुरेशा नाहीत. म्हणून त्याने झेवियर यांना सांगितलं, तुमच्या पोर्तुगीजांना लिहा आणि तोफा मागवा. झेवियर यांनी नकार दिला. असलं काम आपल्या धर्मात बसत नाही, असं कारण दिलं. बादशहा इतका संतापला की पाद्र्यांना काही दिवस नजरेसमोरून दूर व्हावं लागलं. आता यात धर्म किती? इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांना वाटतं की खरं कारण राजकीय होतं, कारण पोर्तुगीजांचं बहादुरखानाशी सख्य होतं. मला दोन्ही खरं वाटतं. माणूस एका वेळी एकाच कारणाने वागतो असं थोडंच आहे?

जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. कसा, यावर दोन साक्षी आहेत. अबुल फजल म्हणतो, गडावर रोगराई पसरली आणि माणसं पटापट मेली. जेझुइट वृत्तांत म्हणतो, बादशहाने शपथेवर बहादुरखानाला खाली बोलावलं आणि अडकवून ठेवलं. मग गडावरच्यांना सोनं वाटलं. एक दरबारचा माणूस, दुसरे गोव्याशी बांधलेले. परीक्षेत आपण यातली एक बाजू लिहितो आणि मार्क घेतो, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर जास्त कळतं.

बहादुरखान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. सात फिरंगी पकडले गेले, तेव्हा झेवियर यांनी बादशहाकडे त्यांची मागणी केली आणि त्याने ते त्यांच्या हवाली केले. त्याच वर्षी अकबराचा वकील गोव्याच्या व्हाइसरॉयकडे निघाला. मैत्रीचं बोलणं होतं, तोफा आणि कारागीरही हवे होते. त्याच्याबरोबर बेंतो द गोइश होते.

बुऱ्हाणपूरला गेलात तर जामा मशिदीत जरूर जा. ती याच बहादुरखानाच्या बापाने बांधली. आत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख आहे, आणि गड जिंकल्यावर अकबराने कोरून घेतलेला फारसी लेखही तिथेच आहे.