चित्रमालिकेतील विनोद : श्लेष आणि दिशाभूल

चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या, 'सकाळ'मध्ये १९९१ साली सुरू झालेल्या 'चिंटू'मुळे दैनिक चित्रमालिका मराठी वाचकांच्या अंगवळणी पडली. मोजक्या चौकटींत हसू निर्माण करण्याची दोन प्रमुख साधने म्हणजे श्लेष व दिशाभूल.

एक कल्पित प्रसंग पाहता येईल. रोह्यात कुंडलिकेच्या काठी मतदारयादी चाळणारा कर्मचारी कोळ्याला विचारतो, "नाव कुठे आहे?" उत्तर येते, "काठाला बांधली आहे." यादीच्या चित्रामुळे वाचक 'ते नाव' असाच अर्थ धरतो, 'आहे' हे क्रियापद लिंग उघड करीत नाही. 'बांधली' या स्त्रीलिंगी रूपाने 'ती नाव', म्हणजे होडी, प्रकट होते. चित्राने केलेली दिशाभूल व्याकरण उघडी पाडते.

पेणच्या नावावरील श्लेष निराळा आहे. आगरी बोलीत 'ण'चा उच्चार 'न' होत असल्याने 'पेण' व 'पेन' कानाला सारखेच वाटतात. छापील संवादफुग्यात मात्र अक्षरे दोन्ही अर्थ वेगळे पाडतात. तेथे गावासाठी 'पेन' लिहिल्यास हसू अर्थावरून सरकून बोलणाऱ्याच्या उच्चारावर जाते.

पहिल्या प्रसंगात वाचक फसतो व स्वतःच्याच फजितीवर हसतो. दुसऱ्यात बोलीभाषक हास्यविषय होतो. श्लेष कोणाला फसवितो, यावरच त्या विनोदाचा निकोपपणा अवलंबून असतो.