एसएसडी आणि स्वॅप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिंचपोकळी-लालबागच्या गल्ल्यांतून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका जुळवून देणाऱ्या एखाद्या डीटीपीच्या दुकानातला चार जीबी रॅमचा जुना संगणक, त्यातील फिरती हार्ड डिस्क काढून लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एसएसडी बसवली की, नव्या उमेदीने काम करू लागतो; आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यानंतर अशा यंत्रासाठी लिनक्स हा सयुक्तिक पर्याय ठरतो. परंतु याच वेळी 'स्वॅप बंद करा, नाहीतर एसएसडी झिजेल' हा सल्लाही कानावर येतो आणि तो विनाचौकशी अमलात आणला जातो, ही मला चिंतेची बाब वाटते. रॅम अपुरी पडू लागली असता तूर्त न लागणारा ऐवज काढून ठेवण्यासाठी डिस्कवर केलेली तरतूद म्हणजे स्वॅप. चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात जे स्थान पोटमाळ्याचे, तेच संगणकात स्वॅपचे.

गैरसमज : स्वॅपमुळे एसएसडी अल्पावधीत निकामी होते.
वस्तुस्थिती : एसएसडीची झीज लेखनाने होते हे खरे, पण तिच्या क्षमतेचा हिशेब मांडल्यास भीती निराधार ठरते. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या ५०० जीबीच्या एसएसडीला ३०० टेराबाइट लेखनाची किंवा ५ वर्षांची, यांपैकी जी मर्यादा आधी संपेल तिची, हमी असते. रोज २० जीबी लिहिले, तरी ३०० टेराबाइटला सुमारे ४१ वर्षे लागतात. शिवाय एसएसडीचा नियंत्रक लेखनाचा भार सर्व पेशींवर वाटून देतो, त्यामुळे स्वॅपची जागा तेवढी एकटी झिजत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २००९ साली विंडोज ७ च्या निमित्ताने केलेल्या पाहणीत पेजफाइलमधील, म्हणजे विंडोजच्या स्वॅपमधील, वाचनाचे लेखनाशी प्रमाण सुमारे ४० ला १ आढळले, आणि ती फाइल एसएसडीवरच ठेवणे त्यांनी इष्ट मानले.

गैरसमज : स्वॅप काढल्यास संगणक वेगवान होतो.
वस्तुस्थिती : स्वॅप नसेल, तर कित्येक तास न वापरलेला ऐवजही रॅममधून हलवता येत नाही, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रोग्रॅमचा कोडच रॅममधून काढतो, लगेच डिस्कवरून पुन्हा आणतो, आणि यंत्र जागच्या जागी खिळते. तेवढ्यानेही न भागल्यास तो एखादा प्रोग्रॅम सक्तीने बंद करतो. आणि सर्वाधिक रॅम व्यापणाराच बहुधा बळी पडत असल्याने, न साठवलेल्या स्मरणिकेची पाने त्याच्याबरोबर जातात.

गैरसमज : स्वॅपिनेस ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरताच स्वॅप सुरू होतो.
वस्तुस्थिती : स्वॅपिनेस या लिनक्समधील सेटिंगचा हा आकडा टक्केवारी नव्हे. रॅम मोकळी करण्याची वेळ आली असता प्रोग्रॅमांचा ऐवज स्वॅपमध्ये हलवावा की फाइलींच्या साठवलेल्या प्रती टाकून द्याव्यात, यांतील तारतम्य तो ठरवतो. १०० म्हणजे दोहोंचा खर्च समान. कर्नल ५.८ पासून, म्हणजे २०२० पासून, या आकड्याची कमाल मर्यादा १०० वरून २०० पर्यंत वाढवली गेली, कारण जलद स्वॅपवर प्रोग्रॅमांचा ऐवज हलवणेच कधी स्वस्त पडते. म्हणून आकडा जितका लहान तितका उत्तम, हा नियम नाही. आणि शून्य ठेवल्यानेही स्वॅप पूर्णतः बंद होत नाही.

गैरसमज : स्वॅप रॅमच्या दुप्पटच हवा.
वस्तुस्थिती : तो दंडक अत्यल्प रॅमच्या काळातला. हायबरनेट करावयाचे, म्हणजे रॅममधला ऐवज डिस्कवर ठेवून यंत्र बंद करावयाचे, असल्यास रॅमइतका स्वॅप ठेवणे श्रेयस्कर. एरवी दोन ते चार जीबी सामान्यतः पुरतात.

तेव्हा कोणताही आकडा बदलण्यापूर्वी मोजमाप करावे. नेहमीचे काम चालू असताना टर्मिनलवर व्हीएमस्टॅट (vmstat 1) चालवून एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये) हे दोन रकाने पाहावेत. ते बहुतांश शून्य असतील, तर स्वॅपमध्ये काही शे एमबी पडून असले तरी काळजीचे कारण नाही. काही काळ दुर्लक्षित ठेवलेला प्रोग्रॅम उघडताना विलंब जाणवत असेल, तर स्वॅपिनेस तात्पुरता १० करून पाहावा. तो बदल संगणक पुन्हा सुरू होताच रद्दबातल होतो, आणि लाभ दिसला तरच कायम करावा. परंतु दोन्ही रकाने अखंड हलते असतील, तर रॅमच अपुरी आहे. अशा वेळी सेटिंगमध्ये कालापव्यय न करता, यंत्रात सोय असल्यास, चार जीबीची आठ जीबी रॅम करून घ्यावी, आणि स्वॅप मात्र जागच्या जागी राहू द्यावा.