बोरन्हाण

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत लहान मुलांस बोरन्हाण घालण्याची चाल आहे. या न्हाणास पाणी लागत नाहीं. बाळास काळें झबलें व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात, ओवाळतात, आणि बोरें, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा व तिळाचा हलवा त्याच्या मस्तकावरून हलकेच ओततात. शेजारचीं मुलें तें वेंचावयास धांवतात. ऐन हिवाळ्यांतला शेतमळ्यांतील नवा माल असा वाटला जातो, आणि बाळाची शेजाऱ्यांशीं ओळख होते.

परंतु ज्याच्यासाठीं हा समारंभ, त्या बाळाच्या तोंडांत मात्र यांतील एकहि कठीण जिन्नस जाऊं देऊं नये. त्यास चावतां येत नाहीं, व त्याची श्वासनलिका अरुंद असते. शेंगदाणा, हरभरा किंवा बोराची आठळी तींत अडकल्यास क्षणांत प्राणावर बेततें. यास्तव, विद्यार्थिमित्रांनो, घरीं धाकटें भावंड असेल तर न्हाण आटोपतांच त्याची मूठ उघडून पाहावी, झबल्याच्या घड्या झाडाव्या, व जमीन नीट झाडून घ्यावी. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळास कुसकरलेला मऊ वरणभात पुरे, बोरें तुमचीं.