चासी नंबर वाचता येतो का?

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस बॉनेट उघडून बघतो, टायरची नक्षी बघतो, एसी लावतो, किलोमीटर किती झाले ते विचारतो. गाडी नक्की कोणती आणि कुणाची हे ज्यावरून ठरतं, तो चासी नंबर मात्र बहुतेक जण एजंटावर सोडून देतात. माझ्या मते तपासणीची सुरुवातच तिथून व्हायला हवी. नंबर प्लेट बदलू शकते. गोव्याची जीए पासिंगची गाडी कायमची महाराष्ट्रात आली, की तिला एमएच नंबर मिळतो. कारखान्यात धातूवर ठोकलेला चासी नंबर मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास असे क्रमांक द्यायला सुरुवात केली, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होती. १९८१ मध्ये तिथल्या सरकारने सतरा अंक-अक्षरांचा एकच नमुना सक्तीचा केला. आयएसओ ३७७९ हे आंतरराष्ट्रीय मानकही सतराचंच आहे आणि भारतातल्या गाड्या त्याच चौकटीत येतात. या सतरांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून आरसीवर किंवा विम्याच्या कागदावर चासी नंबरात ‘ओ’ दिसला, तर ती लिहिणाऱ्याची चूक आहे असं खुशाल समजा आणि लगेच दुरुस्त करून घ्या. अपघातानंतर क्लेमच्या वेळी एका अक्षराचा फरकसुद्धा हेलपाटे घालायला लावतो.

पहिली तीन अक्षरं कारखानदार सांगतात. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमए१ महिंद्रा, एमएएल ह्युंदाई. दुचाकीवर एमडी२ दिसलं तर ती बजाज. एमए ते एमई या जोड्या भारताच्या वाट्याला आल्या आहेत. जे जपानचं, डब्ल्यू जर्मनीचं. त्यापुढची सहा स्थानं मॉडेल, बॉडी, इंजिन अशा वर्णनाची. शेवटची आठ त्या एका गाडीची स्वतःची, आणि त्यातही अखेरचे आकडे म्हणजे अनुक्रमांक.

दहाव्या स्थानावर बऱ्याचदा वर्षाची खूण असते. २०१० ला ए, २०११ ला बी असं पुढे जात २०१८ ला जे, २०२० ला एल, २०२३ ला पी, २०२५ ला एस. महिन्याचं अक्षर कुठे ठेवायचं हे मात्र कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नका. नवी गाडी घेताना तर अंदाज करायची गरजच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२२ व्या नियमाने चासी आणि इंजिन नंबरासोबत निर्मितीचा महिनाही कोरणं बंधनकारक केलं आहे. जानेवारीत शोरूममधून निघणारी गाडी गेल्या वर्षीच्या साठ्यातली आहे का, हे पैसे भरण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.

अमेरिकेत नववं स्थान पडताळणीचं असतं: बाकीच्या सोळांना ठरलेल्या वजनांनी गुणून, बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी तिथे येते, आणि बाकी १० आली तर एक्स. आपल्याकडे ही सक्ती नाही. एखाद्या परदेशी ॲपने तुमच्या गाडीचा नंबर ‘चुकीचा’ ठरवला, तरी घाबरायचं कारण नाही.

नंबर शोधायचा कुठे? गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत नेमकी जागा चित्रासकट दिलेली असते. कारमध्ये बहुधा इंजिनामागच्या पत्र्यावर, नाहीतर पुढच्या सीटखाली गालिच्याची फडकी उचलली की. मोटारसायकलला हँडलखालच्या मानेवर, ट्रकला चासीच्या लांब पट्टीवर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा काचेखालच्या पट्टीवरही तो असतो, पण स्टिकर आणि पट्टी काढून दुसरी लावता येते. ठोकलेला नंबरच खरा धरायचा.

तो तपासायची जुनी रीत आजही सगळ्यात चांगली. फडक्याने ग्रीस पुसायचं, नंबरावर पांढरी चिकटपट्टी बसवायची आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची. खळगे पांढरे राहतात, भोवती काळं होतं. आरटीओच्या फॉर्मवर चिकटवतात ती पेन्सिल प्रिंट हीच. ठसा घेतला की डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टी उघड होतात: एखादा आकडा ओळीतून किंचित खाली, दोघांमधलं अंतर जास्त, एकाची खोली वेगळी. शिवाय भोवती ग्राइंडरचे ओरखडे, तेवढ्याच जागी ताजा रंग किंवा चौकोनी वेल्डिंग दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवावा. टोटल लॉस झालेल्या गाडीचे कागद घ्यायचे, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि जुन्या गाडीचा नंबराचा तुकडा कापून तिच्यात बसवायचा, हा धंदा असाच चालतो.

घासून टाकलेला नंबरही पूर्ण मरत नाही. ठोकताना खालचा धातू खोलवर दबलेला असतो. फॉरेन्सिक प्रयोगशाळेत त्या जागी फ्रायचं द्रावण लावतात. दबलेला धातू आणि भोवतालचा धातू आम्लाला वेगवेगळी दाद देतात आणि गेलेले आकडे पुन्हा दिसू लागतात. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बने भरलेली व्हॅन उडवली गेली, तेव्हा ढिगाऱ्यात सापडलेल्या तिच्या एका तुकड्यावर हा क्रमांक शाबूत होता. त्यावरून तपास जर्सी सिटीतल्या भाड्याच्या गाड्यांच्या कचेरीपर्यंत पोचला आणि गाडी चोरीला गेल्याचं सांगून अनामत रक्कम मागायला आलेला आरोपी आठवडाभरात पकडला गेला.

आपल्या रोजच्या कामातही हा नंबर लागतो. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट लावून घेताना महाराष्ट्रात तो भरावा लागला. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा आपली गाडी त्यात आहे का हे एमए३ आणि पुढची चौदा अक्षरं टाकूनच कळत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत कंपनीचं पत्र पोचेलच असं नाही, म्हणून ही तपासणी वर्षातून एकदा स्वतः करावी.

गाडी घ्यायची ठरली असेल तर बयाणा देण्याआधी पेन्सिल प्रिंट घ्या आणि आरसी, विमा व ‘वाहन’ प्रणालीतली नोंद तिच्याशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या नोंदवहीत ती गाडी चोरीची म्हणून नाही ना, हेही पाहा. विकणारा चासी नंबर बघू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.