डावखुऱ्यांची बोल्ट रायफल : काय दुरुस्त करावं, कशाला हात लावू नये

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की जालन्यात रायफलींवर व्याख्यान कशाला? पण आपल्या जिल्ह्याचं आणि बंदुकीचं नातं जुनं आहे. १८०३ सालची असईची लढाई आपल्याच जिल्ह्यात झाली. पुढे जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शिकार हा जहागीरदार-देशमुखांच्या घरांतला रिवाज होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती शिकार बंद झाली. काही घरांतली हत्यारं मात्र परवान्यावर टिकून राहिली, आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे.

आता समजा, तो मुलगा डावखुरा निघाला. माणसांत दहातला साधारण एक डावखुरा असतो, म्हणजे ही काही जगावेगळी गोष्ट नाही. तो रायफल डाव्या खांद्याला लावतो आणि म्हणतो, "हे हत्यार माझ्यासाठी नाही." मग कुणीतरी सल्ला देतं, "त्यात काय, दांडी कापून डावीकडे बसवून घे." हा सल्ला का घेऊ नये, हे मला आज समजावून सांगायचं आहे.

बोल्ट उजवीकडेच का?

बोल्ट-ॲक्शन म्हणजे काय, तर दाराची कडी. नळीच्या मागच्या तोंडाला एक पोलादी दांडा असतो, तो बोल्ट. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलायची, की नवं काडतूस नळीत जातं. दांडी खाली केली, की बोल्टवरचे कान, त्यांना लग म्हणतात, चौकटीतल्या खाचांत अडकतात आणि दार बंद होतं. जर्मनीत पाउल मॉझरने १८९८ साली या रचनेला जे रूप दिलं, त्यावरच पुढच्या बहुतेक शिकारी रायफली उभ्या आहेत. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बीसुद्धा मॉझर यंत्रणेचीच.

या रायफलींचा पाया लष्करी. सैन्यात सगळ्यांना एकाच हातानं शिकवायचं, म्हणून दांडी उजवीकडे. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा गाल कुंद्याच्या डाव्या बाजूला टेकतो. पुंगळी बाहेर पडायची खिडकी उजवीकडे, म्हणजे तोंडापासून लांब.

डावखुऱ्याचं सगळं उलट होतं. त्याचा गाल कुंद्याच्या उजव्या बाजूला टेकतो, म्हणजे खिडकी थेट त्याच्या चेहऱ्याकडे. दांडी फिरवायला डावा हात चापावरून काढून रायफलीच्या वरून पलीकडे न्यावा लागतो. दुसरी गोळी लवकर झाडायची असेल, तर नेम मोडतोच.

म्हणूनच शिकारीच्या काळात अनेक डावखुऱ्यांना दुनळी बरी वाटायची. दुनळी मधोमध मोडते, दोन्ही हातांना जवळजवळ सारखीच. खरी डाव्या हाताची बोल्ट रायफल तेव्हा मागणीवरून, हातानं बनवून घ्यावी लागे. कारखान्यातून ती मोठ्या संख्येनं निघू लागली १९५० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेतल्या सॅवेज कंपनीच्या ११० या मॉडेलपासून. आणि आपल्याकडे १९८० च्या दशकात खासगी आयात जवळजवळ बंदच झाली. त्यामुळे भारतात अशी जुनी रायफल क्वचितच बघायला मिळते.

आपल्या भागात जास्त दिसते ती .३१५. लष्कराची .३०३ खासगी माणसाला मना होती, म्हणून हे वेगळं काडतूस शिकारीसाठी चालू झालं. पुढे आपल्या सरकारी आयुध निर्माणीतही .३१५ स्पोर्टिंग रायफल बनू लागली. तिची दांडीही उजवीकडेच.

कात्री उलटी केली तरी ती उजवीच

आता मुख्य मुद्दा. शिंप्याची कात्री घ्या. डावखुऱ्याला ती नीट चालत नाही. ती उलटी धरा, पालथी करा, कोणतं पातं वर राहायचं ते बदलत नाही. डाव्या हाताची कात्री म्हणजे उजव्या कात्रीचं आरशातलं रूप. ते मुळातूनच तसं घडवावं लागतं.

रायफलीच्या चौकटीचंही तेच. लगच्या खाचा, बोल्ट फिरताना आत ओढून घेणारे उतार, पुंगळी ओढणारा आकडा, खिडकी, हे सगळं एका दिशेच्या फिरण्यासाठी कापलेलं असतं. दांडी तेवढी डावीकडे जोडली, तरी आतलं यंत्र आणि खिडकी उजवीच राहते. म्हणजे हात सुखावला, पण चेहरा होता तिथेच.

आणि जोडणार कशी? वेल्डिंगने. तुम्ही म्हणाल, जालन्यात लोखंडाच्या कारागिरांना काय तोटा! खरं आहे. पण मग टीएमटी सळईचंच उदाहरण घेऊ, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लाल सळईवर पाण्याचा मारा करतात, त्यानं बाहेरचा थर कडक होतो आणि गाभा चिवट राहतो. तीच सळई पुन्हा लाल होईपर्यंत तापवली, तर तो कडकपणा जातो. दिसायला सळई तीच, ताकद ती नाही. जुन्या मॉझरच्या बोल्टचं पोलादही वरून कडक, आतून मऊ असंच केलेलं असतं. कडक करायची रीत वेगळी, पण जादा उष्णतेचा परिणाम सारखाच. लग मऊ झाले, की प्रत्येक बारासरशी ते केसभर दबतात.

केसभर दबले तर काय बिघडतं? बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात फट वाढते. .३०-०६ सारख्या काडतुसात दाब वातावरणाच्या सुमारे चार हजार पट चढू शकतो. दुचाकीच्या टायरमध्ये जेवढी हवा भरतो, त्याच्या साधारण दोन हजार पट. पितळी पुंगळीला मागून आधार नसेल, तर ती बुडाजवळ फाटते. तापलेला वायू वाट मिळेल तिथून बाहेर येतो, आणि जवळची वाट म्हणजे ती खिडकी. डावखुऱ्याचा डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर. ही फट मोजायला खास मापं असतात. जुनी रायफल वापरण्याआधी ही तपासणी जाणकाराकडून झालीच पाहिजे, आणि डावखुऱ्यानं तर ती अजिबात टाळू नये.

मग बदलता काय येतं? लाकूड

डावखुऱ्याची निम्मी अडचण खरं तर कुंद्यात असते. गालाचा उंचवटा डाव्या बाजूला, म्हणजे याच्या काही कामाचा नाही. कुंदाही किंचित उजवीकडे वळवलेला असतो, की उजव्या खांद्यावरून डोळा बरोबर नेमावर यावा. डाव्या खांद्यावर तोच बाक डोळ्याला नेमापासून लांब नेतो, आणि झटका गालफडावर बसतो.

यावर उपाय म्हणजे नवा कुंदा. बाक डावीकडे, उंचवटा उजवीकडे, आणि चापापासून बुडापर्यंतची लांबी माणसाच्या हाताच्या मापाची. बऱ्याच जणांना साडेतेरा ते चौदा इंच पुरते. लाकूड अक्रोडाचं उत्तम, कारण ते हलकं असून झटका सोसतं. मूळ कुंदा तासू नका, फेकू नका. तो गुंडाळून जपून ठेवा. उद्या घरात उजव्या हाताचा नातू आला, तर रायफल तासाभरात पहिल्यासारखी होईल.

जुन्या कुंद्याला चमकदार व्हार्निश मारू नका. जवसाचं तेल बोटानं चोळून, पातळ थर देऊन, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. एक धोका लक्षात ठेवा : या तेलाचे बोळे गोळा करून टाकले, तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

धातूला किती हात लावायचा?

कमीत कमी. गंज काढायचा, पण पॉलिशचं चाक लावायचं नाही. चाकानं कडा गोल होतात, जुनी निळी-काळी झिलई जाते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नंबर पुसट होतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरचा नंबर किंवा खूण खोडणं हा गुन्हा आहे. नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडतं, त्यानंच तो खोडला असं कायदा धरून चालतो. ते खोटं ठरवायची जबाबदारी त्याच्यावर.

नळी आतून बघा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनानं मागे एक क्षार उरायचा. तो मिठासारखाच हवेतली ओल ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिकारी आधी गरम पाण्यानं नळी धूत, मग कोरडी करून तेल देत. आणि चामड्याच्या पेटीत रायफल वर्षभर ठेवू नका. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि ती पोलादाला देतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*ओळखीच्या लेथवाल्याकडून दुरुस्ती केली तर चालेल का?*

नाही. हत्यार दुरुस्त करायला, त्यात बदल करायला कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडेच जा, आणि पावती घ्या. लेथवाल्याचं कौशल्य कितीही असो, अडकाल दोघंही.

*वडिलांच्या नावावरची रायफल घरात आहे, वडील वारले. काय करू?*

दुरुस्तीचा विचार नंतर. आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्कानं आलेली धरून.

*रोही आणि रानडुकरं पीक खातात. परवाना आहे, मग शेतात वापरू शकतो का?*

शस्त्राचा परवाना वेगळा, प्राणी मारायची परवानगी वेगळी. ती वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते, आणि तिच्यात घातलेल्या अटींप्रमाणेच वागावं लागतं.

*माझी मुलगी डावखुरी आहे, तिला नेमबाजी शिकायची आहे. उजव्या हातानंच शिकवू का?*

आधी तिचा वरचढ डोळा कोणता ते बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे बोट दाखवायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या उघड्या डोळ्याला बोट खांबावरच दिसतं, तो वरचढ. तिनं त्याच बाजूच्या खांद्याला रायफल लावणं बरं. महाराष्ट्रानं तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे रायफल नेमबाज दिले आहेत. स्वप्नीलला २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळालं. या खेळाच्या रायफली डाव्या हातासाठी मुळातूनच घडवलेल्या मिळतात. मुलीचा हात बदलायची गरज नाही, आणि आजोबांची रायफल कापायचीही नाही.