माल खरा की खोटा, हे कळायला किती दिवस लागतात?

भरताचे वांगे कसे निघाले हे त्याच रात्री भाजल्यावर कळते. सिमेंटला 28 दिवस लागतात. सोन्याला वीस-पंचवीस वर्षेही लागू शकतात. पैसे दिल्यापासून खरे-खोटे कळेपर्यंतचा हा काळ जितका लांब, तितका गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या नावावर विसंबावे लागते. बाजारातली पत समजून घ्यायची तर हा काळ मोजावा, असे मला वाटते.

जळगाव-भुसावळ महामार्गावरच्या नशिराबादला 1997 मध्ये ओरिएंट सिमेंटचा कारखाना सुरू झाला. ‘बिर्ला ए-वन’ हे त्या कंपनीचे बाजारातले नाव होते. गोणी 50 किलोची. 53 ग्रेडच्या सिमेंटने 28 दिवसांनी किमान 53 मेगापास्कल दाब सोसावा, असे भारतीय मानक सांगते. तोवर स्लॅब टाकून झालेला असतो, गवंडी दुसऱ्या कामाला लागलेला असतो. घर बांधणारा प्रयोगशाळेत जात नाही. तो गोणीवरचे नाव आणि आयएसआय शिक्का बघतो.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये दाखवले की, बरा-वाईट माल ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सगळ्यालाच मधला भाव देते. मग चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही आणि बाजारात वाईट तेवढे उरते. या कामाला 2001 चे नोबेल मिळाले. असे होऊ नये म्हणून बाजाराकडे दोन उपाय असतात: नाव आणि शिक्का.

आता जळगावच्या सराफ बाजाराकडे वळू. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोने, 18 कॅरेट म्हणजे 750. पाच तोळ्यांच्या, म्हणजे 50 ग्रॅमच्या हारात 45.8 ग्रॅम सोने हवे. 18 कॅरेटचा हार 22 चा म्हणून विकला, तर निघते 37.5. फरक 8.3 ग्रॅमचा. डोळ्यांना तो दिसत नाही. दिसतो तो हार मोडायला नेल्यावर, बहुधा मुलीच्या लग्नात.

जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक हवाच, असा नियम आला. शुद्धता कमी भरली तर गिऱ्हाइकाला फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. म्हणजे वरच्या हारात फसवणाऱ्याला 8.3 ग्रॅमचा लाभ, आणि सापडला तर 16.6 ग्रॅमचा भुर्दंड. खटला आणि परवाना रद्द होणे बाजूला ठेवले, तर निम्म्याहून कमी गिऱ्हाइके तपासणी करत असतील तेव्हा ही भरपाई फसवणूक रोखायला पुरत नाही. आणि दागिना घेऊन थेट तपासणी केंद्रात जाणारे कितीसे असतात? तिथे उरलेले काम नाव करते. एका घरातली तक्रार लग्नसराईत दहा घरांत पोचते, ही भीती दुप्पट भरपाईपेक्षा मोठी असते. घडणावळ, मोडीतली घट, खड्यांचे वजन यांवर तर शुद्धतेचा शिक्का काहीच बोलत नाही. तिथे पेढीची पतच कामाची.

पण नावावरच्या याच भरवशाने खानदेशाला पोळलेही आहे. ठेवीचे खरे-खोटे पावतीची मुदत संपल्यावर कळते, आणि तोवर वेळेवर येणारे व्याज संस्थेचे नाव वाढवतच राहते. जळगावातून वाढलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. 2015 मध्ये संस्थापकासह संचालकांना अटक झाली, संस्थेवर अवसायक आला. शाखांचा पसारा, चकचकीत काउंटर आणि ओळखीचा माणूस यांवर लोकांनी भरवसा ठेवला होता. त्यांना दोष देणे मला मान्य नाही. ताळेबंद तपासण्याचे काम निवृत्त शिक्षकाचे किंवा कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याचे नसते.

सिमेंटमागे मानक आहे, सोन्यामागे 916 चा शिक्का आहे. बँकेतल्या ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांतल्या ठेवींनाही. पतसंस्थेतल्या ठेवीला या विम्याचे एका रुपयाचेही संरक्षण नाही. व्याजाचा दर विचारण्याआधी ही संस्था बँक आहे की पतसंस्था, एवढे काउंटरवर जरूर विचारा.